ओल्या टॉवेलचं वजन

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ग्रॅमबाई तिसरं बाळ काट्यावर ठेवत होत्या. आधी घडी केलेलं सुती फडकं, मग शून्याचं बटण, मग बाळ. अंगावर लंगोट नाही, टोपी नाही. नाकातली नळी त्यांनी करंगळीवर उचलून धरली होती, कारण नळीलाही वजन असतं आणि ते बाळाच्या खात्यात घालायचं नसतं. आकडा तीनदा हलला आणि थांबला.

“बाराशे चौऱ्याऐंशी.”

“बाराशे पंच्याऐंशी लिहू?” वही घेऊन उभ्या असलेल्या नव्या सिस्टरनं विचारलं.

“का? एक ग्रॅम तू घालणार आहेस पदरचा?”

नवी सिस्टर हसली. ग्रॅमबाई हसल्या नाहीत. काल याच बाळाचं वजन बाराशे सत्तर होतं. चौदा ग्रॅम म्हणजे जेमतेम तीन चमचे साखर, पण या खोलीत तेवढ्यावर एखाद्या आईची रात्र बरी जाते.

ग्रॅमबाई हे नाव त्यांना मागल्या दाराशी बसणाऱ्या मावश्यांनी ठेवलं. तोंडावर कोणी म्हणत नाही. त्यांना मात्र ते ठाऊक आहे. वय चौपन्न. नोकरीची बत्तीस वर्षं, त्यांतली एकोणीस या एका खोलीत, जिथं वेळेआधी किंवा फार कमी वजनाची जन्मलेली बाळं ठेवतात. दहा खाटा, प्रत्येकीवर उष्णता देणारा दिवा, खिडक्या बंद. बाहेरून आलेल्या माणसाला दोन मिनिटांत घाम फुटतो. बाळांना तो फुटत नाही. त्यांना घाम गाळता येत नाही, नीट कुडकुडताही येत नाही. थंडी वाजली तर ती फक्त गप्प होतात.

ही बाळं दिसायला गोड नसतात, हे त्या सरळ सांगतात. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा निळ्या दोऱ्यासारख्या दिसाव्यात. डोकं मोठं, छाती चिमणीएवढी, पाय बेडकासारखे दोन्हीकडे पडलेले. पाठीवर, खांद्यांवर, कपाळावरसुद्धा बारीक लव. पहिल्यांदा बघायला आलेल्या दहा नातेवाइकांतले सात तोंड वाकडं करतात. एखादा बाप मोबाइल काढतो आणि फोटो न काढताच परत खिशात ठेवतो.

ग्रॅमबाईंना या बाळांची कधी किळस आली नाही. ओकारी, रक्त, डांबरासारखी चिकटणारी पहिली काळी शी, फाटलेल्या दुधाचा आंबट वास, सगळं हात धुतला की जातं. त्यांना शिसारी येते ती एका वाक्याची: “एवढ्यानं काय होतंय?” ते ऐकलं की ओठाची डावी बाजू आपोआप वर जाते. घरी नवऱ्यानं हे वाक्य शेवटचं म्हटलं त्याला वीस वर्षं झाली. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, त्यामुळे अर्ध्या मिलीमीटरची किंमत त्यालाही कळते. संध्याकाळी दार उघडताना तो एवढंच विचारतो, “आज किती वाढलं?” आणि त्या दहा बाळांची वाढ बेरीज करून सांगतात. आकडा शंभराच्या वर असेल तर तो चहा करतो. नसेल तरी करतो, पण बोलत नाही.

वजनाचं हे वेड आलं कुठून, तर वडिलांकडून, आणि उलट्या वाटेनं. वडील रद्दीच्या गोदामात काट्यावर असत. माल बाहेर पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मालक गठ्ठ्यांवर पाणी मारायला लावी. ओला कागद जड भरतो. वडील मुकाट्यानं पाइप धरत आणि घरी येऊन जेवताना म्हणत, “सगळेच मारतात.” गोदामातला तो कुबट वास त्यांच्या सदऱ्याला असे. मुलगी एकोणिसाव्या वर्षी नर्सिंगला गेली, तेव्हा तिला रक्ताची भीती वाटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिला फक्त त्या सदऱ्यापासून लांब जायचं होतं.

सात वाजता दहाही वजनं लिहून झाली. सातचं दूध नळीनं, चमच्यानं पोचलं. साडेसातला ग्रॅमबाई खालच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या. ही फेरी त्यांच्या कामाच्या कागदावर नाही. अठराशे ग्रॅमच्या खालचं बाळ वर येतं, त्यावरचं आईजवळ राहतं, असा नियम आहे. काठावरची बाळं कोण बघणार, हे नियमात नाही. म्हणून त्या बघतात.

नवव्या खाटेवर आदल्या संध्याकाळी सहा चाळीसला जन्मलेला मुलगा होता. कागदावर वजन अठराशे पन्नास. पहिलटकरीण भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खाटेच्या कडेला सासू बसलेली, मांडीवर तीन ब्लँकेटांचं गाठोडं. शेजारी बाळाची आत्या, हातात खरखरीत टॉवेल.

“या बाई, या,” सासू म्हणाली. “आमचा नातू बघा. रात्रभर हूं की चूं नाही. इतका गुणी!”

ग्रॅमबाई गाठोड्यावर वाकल्या. “दूध कधी प्याला?”

“झोपलाय हो. उठला की पिईल. झोपलेल्याला कशाला उठवायचं?”

“जन्मल्यापासून किती वेळा प्याला, आजी?”

सासूनं सुनेच्या पाठीकडे पाहिलं. “हिला येतच नाही पाजायला. दोनदा तोंडात दिलं, पण तो ओढतच नाही. आळशी आहे. बापावर गेलाय.”

ग्रॅमबाईंनी गाठोडं घेतलं आणि एकेक ब्लँकेट सोडलं. पाठीपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. दोन्ही खांद्यांवर, मणक्याच्या बाजूनं कातडी लालभडक सोललेली होती. दोन ठिकाणी ओलसर चमकत होती. कडेला थोडी लव शिल्लक होती, तेलानं चिकटलेली.

“हे कोणी केलं?”

“मी,” आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. “माकडासारखे केस होते सगळे. शी! काल बघायला लोक आले, काय म्हणतील? तेल लावून जरा घासलं. अजून उरलेत थोडे.”

“तो टॉवेल खाली ठेवा.”

“अहो, हलक्या हातानं—”

“खाली ठेवा म्हटलं ना! ही लव आपोआप गळते. महिन्याभरात एक केस दिसला नसता. तुमच्या चेहऱ्याची कातडी कोणी अशी सोलली तर चालेल? लोक काय म्हणतील म्हणून?”

आत्यानं टॉवेल खाटेखाली सरकवला. पलीकडच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली आणि लगेच खोकली.

ग्रॅमबाईंनी हाताच्या मागच्या बाजूनं बाळाचे तळवे पाहिले. गार. पोट पाहिलं. तेही गारच. कानाची पाळी हलकेच दुमडली. पूर्ण दिवसांच्या बाळाची लगेच उलगडते, ही कागदासारखी दुमडलेली राहिली. तळपायावर पुढे दोन पुसट रेघा, बाकी सगळा गुळगुळीत. आईनं तारीख काहीही सांगितली असो, हे बाळ सहा-सात आठवडे आधी आलेलं होतं. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एका तालात करायला ते अजून शिकलेलंच नव्हतं. आळशी म्हणे!

त्यांनी आईला उठवलं. “ब्लाउज सोड. बाळाला उघडं छातीवर घे, पोटाला पोट लावून. वरून ब्लँकेट. डोक्यावर टोपी राहू दे.”

“मला वाटलं झोपलाय,” आई म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. “मी रात्री म्हणत होते त्यांना, हा रडत का नाही. त्या म्हणाल्या, तुला काय कळतंय.”

“तुला बरोबर कळलं होतं. आता चल, वर जायचंय.”

वरच्या काट्यावर, आधी फडकं, मग शून्य, मग बाळ. सोळाशे नव्वद. ताप मोजायची काडी काखेत पस्तीस पूर्णांक एकवर थांबली. टाचेच्या थेंबात साखर चौतीस निघाली. पंचेचाळीसच्या खाली गेली की मेंदू उपाशी राहतो. शिकाऊ डॉक्टरांनी दुसऱ्या प्रयत्नात हातावर सुई लावली आणि साखरेचं पाणी सुरू झालं. खाट कुठली द्यायची, हा प्रश्न होता. चौथ्या खाटेवरची मुलगी एकोणीसशे वीसची झाली होती, चमच्यानं सगळं दूध पीत होती. ग्रॅमबाईंनी तिला तिच्या आईच्या छातीशी बांधलं, खुर्ची लावून दिली आणि खाट रिकामी केली.

“सिस्टर, खाली अठराशे पन्नास लिहिलंय,” शिकाऊ डॉक्टर कागद उलटसुलट करत म्हणाले. “काल संध्याकाळपासून दीडशे-एकशे साठ उतरलं?”

“पहिल्या आठवड्यात दहा टक्के उतरतं. तेरा तासांत एवढं उतरायला बाळ काय बर्फाचं आहे?”

बोलताबोलता त्यांच्या डोक्यात काहीतरी खटकलं. गेला महिना-दीड महिना लेबर रूममधून वर येणारी बाळं त्यांच्या काट्यावर दीडशेच्या आसपास हलकी भरत होती. त्यांनीच वहीत लिहिलं होतं: ‘दोन काट्यांतला फरक’. दुरुस्तीवाला बोलावला होता. त्यानं वजनं ठेवून पाहिली आणि सांगितलं, काटा उत्तम. त्यावर त्यांनी मान डोलावली होती आणि विषय सोडला होता. सोडला होता! ग्रॅमबाईंनी!

लेबर रूममध्ये इन्चार्ज सिस्टर टाके घालण्याच्या सामानाची मोजदाद करत होती. दहा वर्षांपूर्वी ती ग्रॅमबाईंच्याच हाताखाली शिकली. कामाला वाघीण, पण हात चालतात तेव्हा डोकं सुट्टीवर.

“ताई, तुम्ही सकाळी सकाळी?”

“वजन कसं करता, दाखव.”

“असं काय विचारता? बाळ पुसून टॉवेलात घ्यायचं, काट्यावर ठेवायचं.”

“टॉवेलासकट?”

“मग? गार काट्यावर उघडं ठेवू?”

“शून्य कधी करता?”

“काटा चालू केला की शून्यच दाखवतो ना.” मग तिला ग्रॅमबाईंच्या चेहऱ्यावरचं काहीतरी दिसलं आणि ती जरा सरसावली. “ताई, हे काय मी काढलेलं नाही हं. तुमचंच अक्षर आहे. बघा की.”

काट्याच्या वर भिंतीवर कागद होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला. निळ्या शाईत, सुबक, चार वर्षांपूर्वीचं त्यांचं अक्षर: ‘बाळाला उघड्या काट्यावर ठेवू नये. खाली कोरडा टॉवेल घालावा.’ त्याच्या खाली, कागदाचा अर्धा भाग झाकत, सोनेरी चौकटीतलं प्रशस्तिपत्रक टांगलेलं होतं: ‘स्वच्छ विभाग, प्रथम क्रमांक’. खाली मोठ्या डॉक्टरांची सही.

“हे कधी लावलं?”

“झाले सहा आठवडे. मोठ्या सरांनी सांगितलं, आत येणाऱ्याला समोर दिसेल असं लावा. इथं खिळा होता. तुम्ही तेव्हा वर होता, बाळांजवळ.”

ग्रॅमबाईंनी चौकट खिळ्यावरून उतरवली. मागून एक झुरळ निघालं आणि भिंतीवरून निवांत चालत गेलं, जणू त्यालाच पहिलं बक्षीस मिळालं होतं. चौकटीखाली कागदाचा उरलेला भाग होता, ओल लागून पिवळा पडलेला: ‘आधी टॉवेल, मग शून्य, मग बाळ.’

“जुन्या सिस्टरना पाठ होतं,” इन्चार्ज हळू आवाजात म्हणाली. “त्या तिघी त्याच सुमाराला बदलून गेल्या. नव्या आल्या त्यांनी वाचलं ते केलं. मीही...”

कपडे टाकायच्या बादलीत कालचा टॉवेल होता. ग्रॅमबाईंनी तो बाहेर काढला. पाणी, रक्त, पांढरा चिकट थर, सगळं त्यात मुरलेलं, कडेला वाळून कडक झालेलं. काट्यावर ठेवला. एकशे अठ्ठावन्न. त्यांना शिसारी आली, पण ती टॉवेलाची नव्हती. मुलाच्या वजनात एक ओली चिंधी धरली गेली होती, आणि ती चिंधी घेऊन तो नियमाच्या काठावरून पलीकडे गेला होता. आणि ज्या कागदामुळे हे झालं तो त्यांनी लिहिला होता, महत्त्वाची ओळ खाली ठेवून. एवढी साधी गोष्ट वर लिहायला काय झालं होतं? वर आकडे जुळत नव्हते तेव्हा खाली येऊन दोन मिनिटं बघायला काय झालं होतं? दुरुस्तीवाल्यावर सोडून मोकळ्या झाल्या. एवढ्यानं काय होतंय, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. वागल्या मात्र तशाच होत्या.

नऊ वाजता मोठे डॉक्टर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तराचा वास, ज्यामुळे बाळांच्या खोलीत ते दाराबाहेर उभं राहूनच बोलत. ग्रॅमबाईंनी सगळं सांगितलं आणि प्रशस्तिपत्रक टेबलावर पालथं ठेवलं.

“बाळ आता बरंय ना?” त्यांनी विचारलं.

“साखर सत्तेचाळीसवर आलीय. गरम होतंय.”

“मग झालं तर. वजन उतरलं असं लिहा. नवजात बाळाचं उतरतंच. तुम्हीच तर सगळ्यांना शिकवता.”

“उतरलेलं नाही, सर. कधी नव्हतंच. जन्माचं वजन सोळाशे नव्वदच्या आसपास लिहायला पाहिजे, आणि कसं कळलं तेही. त्यावरच दूध ठरतं, औषध ठरतं. कागदावर अठराशे पन्नास राहिलं तर दुपारची पाळी त्याला उचलून परत वॉर्डात देईल. नियमाप्रमाणे.”

“सिस्टर, महिन्याच्या बैठकीत हे वाचलं जातं. सहा आठवड्यांची सगळी वजनं चुकीची? मला कोणी विचारलं तर काय सांगू?”

“टॉवेल एकशे अठ्ठावन्न ग्रॅम, असं सांगा.”

नवी सिस्टर दूध मापायच्या नादात मान आणखी खाली घालून उभी राहिली. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “आणि तो कागद तुम्ही लिहिला होता, हेही लिहिणार?”

“लिहिलंय,” ग्रॅमबाई म्हणाल्या आणि वही पुढे केली. आधीचा आकडा खोडला नव्हता. त्यावर एकच रेघ, शेजारी नवा आकडा, वेळ, टॉवेलचं वजन. खाली: ‘सूचनेचा कागद माझा. महत्त्वाची ओळ खाली लिहिली, ती झाकली गेली. वरच्या काट्यावर फरक दिसत असूनही मी खाली येऊन पाहिलं नाही.’ त्यांची सही. वही पुढे करताना त्यांच्या ओठाची डावी बाजू वर गेलेली असणार, कारण मोठे डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे असं बघू नका.”

“तुमच्याकडे नाही बघत, सर.”

डॉक्टर पालथं ठेवलेलं प्रशस्तिपत्रक बरोबर घेऊन गेले.

दहा वाजल्यापासून बारापर्यंत ग्रॅमबाईंनी वॉर्डातली अकराही बाळं पुन्हा मोजली. कोणी सांगितलं नव्हतं. एक मुलगी सतराशे साठ निघाली, तिलाही वर घेतलं. दोन बाळं एका दिव्याखाली, मध्ये गुंडाळलेलं फडकं. बाकी दहा काठाच्या वर होती. आत्या त्यांना पाहून दोनदा रस्ता बदलून गेली. सासू मात्र बाराच्या सुमाराला काचेपाशी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ आत बघत राहिली.

“बाई,” तिनं शेवटी विचारलं, “तो रडतोय का तिथं?”

चौथ्या खाटेवर मुलाचं तोंड उघडं होतं. काचेतून आवाज येत नव्हता.

“रडतोय,” ग्रॅमबाई म्हणाल्या.

“मग घ्या ना कोणी त्याला!”

“रडू दे. सुनेला पाठवा, ती घेईल. आणि रात्री ती काही म्हणाली तर ऐका तिचं.”

सासूनं तोंड आवळलं. पण ती गेली आणि पाच मिनिटांत सून भिंतीला धरत वर आली. दीड वाजता बाळाचं अंग छत्तीस पूर्णांक सहा होतं, साखर एकसष्ट. नळीनं दहा मिलीलीटर आईचं दूध गेलं आणि पोटात राहिलं. पाठीवर औषधाची जाळी लावली होती. आई एका बोटानं त्याचा तळवा धरून बसली होती आणि तो तळवा गरम होता.

दोन वाजता पाळी संपताना कामवाटपाचा नवा कागद सूचनाफलकावर लागला. त्यात एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ग्रॅमबाईंचं नाव वेगळ्या रकान्यात होतं. मोठ्या डॉक्टरांनी शेजारी हातानं लिहिलं होतं: ‘वजनाची एवढी काळजी आहे, तर जन्माच्या जागी असावं.’ नवी सिस्टर रडकुंडीला आली.

“ताई, हा तर चक्क राग काढलाय. मी जाऊन बोलू?”

“काय बोलशील?”

“की... की तुमच्याशिवाय इथलं...”

“इथलं तू बघशील. फडकं, शून्य, बाळ. नळी उचलून धर. पंच्याऐंशी नाही, चौऱ्याऐंशी.”

मागल्या दाराशी बसलेली मावशी म्हणाली, “मी तर म्हणते बाई, बरं झालं. आता तिथं टॉवेलाला पण घाम फुटेल.”

त्यावर दोघी-तिघी हसल्या. ग्रॅमबाईंनी आपलं पेन, कात्री आणि चष्म्याचं घर खणातून काढून पिशवीत टाकलं. घरी दार उघडताना नवऱ्यानं विचारलं, “आज किती वाढलं?” त्यांनी सकाळची बेरीज सांगितली, एकशे चाळीस, आणि मग म्हणाल्या, “आणि एकशे अठ्ठावन्न कमी झालं.” त्याला हिशोब कळला नाही. चहा त्यानं केला.

कामवाटपाच्या कागदाप्रमाणे उद्या सकाळी सहा ते दोन, लेबर रूम: ग्रॅमबाई, दोन नव्या सिस्टर, एक मावशी. ठरलेली सिझेरियन दोन. पहिली साडेसातला, पस्तीस आठवड्यांचं गरोदरपण, जुळं.